राऊंड संपला नाई

दुकानासमोर आले की भाऊ आधी चप्पल काढत, उजव्या पायाच्या अंगठ्याने मातीत एक आडवी रेघ ओढत आणि रेघेच्या पलीकडे उभे राहून विचारत, "काय चालू हाय?"

"काम चालू हाय. बसा ना भाऊ."

"नाई बसत. राऊंड संपला नाई अजून."

माझं दुकान सीटकव्हरचं, चंद्रपूरला जटपुरा गेटापासून थोडं आत. ऑटोच्या, मोटरसायकलच्या, ट्रॅक्टरच्या गाद्या शिवतो. ज्या दुकानात बसण्याशिवाय दुसरा विषय नाही, तिथे हा माणूस रोज संध्याकाळी उभा. तोही गप उभा नाही. या पायावरून त्या पायावर, दोन पावलं पुढे, एक मागे, मुठी उघडतोय, मिटतोय. गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडे बघे, मग माझ्या गादीकडे संशयाने बघे. मी चिडायचो. पण एखाद्या दिवशी भाऊ आले नाहीत तर मशीनवर माझंच लक्ष लागायचं नाही, हेही खरं.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. सगळ्यांना वाटतं, डोक्यात थोडी गडबड आहे. मलाही वाटायचं.

भाऊ जवानीत कोळशाच्या खाणीवर होते आणि सुटीच्या दिवशी नुसत्या मुठींनी लढत. हातमोजे नाहीत, पट्ट्या नाहीत. बक्षीस मेंढा. खाणीवर कधीकाळी एक गोरा साहेब होता, त्याने आपल्या देशातल्या लढतींचे कायदे भाऊंच्या आज्याला शिकवले म्हणे. जमिनीवर मधोमध रेघ. दोघांनी रेघेवर यायचं आणि भिडायचं. एकजण जमिनीला टेकला की राऊंड संपला. टेकलेल्याने थोडा दम घ्यायचा आणि पुन्हा रेघेवर यायचं. जो आला नाही तो हरला. घड्याळ लावून राऊंड मोजायचा प्रकार नाही.

"डोक्यावर माराचं नाई," भाऊ मला शिकवत, जणू मी उद्याच लढणार होतो. "डोकं दगड हाय. आपलाच हात मोडते. पोट पाहाचं, बरगडी पाहाची." त्यांची स्वतःची दोन बोटं मात्र कायमची वाकडी होती. एकदा राग आला आणि हे सगळं विसरले. शर्टाची वरची गुंडी त्यांना लावता येत नसे. ते गळा पुढे करत आणि मी ती लावून देई.

ही लढत पोलिसांना चालत नसे. म्हणून ती गोंडपिपरीच्या खाली, नदीच्या कोरड्या वाळूत होई. पलीकडे तेव्हा आंध्र होता. इकडून शिट्टी वाजली की सगळा गोतावळा मेंढ्यासकट पलीकडे, तिकडून वाजली की अलीकडे. पण एका उन्हाळ्यात दोन्हीकडून एकदम वाजली. भाऊ रेघेवर होते, समोर नदीपल्याडचा एक तेलुगू गडी. दोघंही उभे. कोणी टेकलेलं नाही. लोक पळाले, मेंढा गेला, ते दोघे दोन दिशांना गेले आणि तो राऊंड तसाच राहिला. पुढे खाणीवरच्या लढती बंदच झाल्या.

तेव्हापासून हा माणूस घराबाहेर कुठे बसला नाही. लग्नाच्या पंगतीत भिंतीला टेकून उभ्याने जेवायचा. रिकाम्या बसमध्ये दांडा धरून उभा.

"घरी तर बसता ना?" मी विचारलं.

"घर काय रिंगणात येते काय?"

एका संध्याकाळी काम नव्हतं, तेव्हा मी मोबाईलवर त्या जुन्या लढतींचं शोधून वाचून दाखवलं. विलायतेतही हेच होतं. तिकडेही या लढती कायद्याला मंजूर नव्हत्या. म्हणून त्या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर ठेवत आणि पोलीस आले की सीमा ओलांडून पलीकडे मांडत. भाऊंना एवढं हसू आलं की डोळे पुसावे लागले. मग एकदम थांबले.

"आन् अर्धी राह्यली तर?"

मी वाचलं, "कधी बरोबरी धरत. कधी ते दोघं दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी भेटून पुरी करत."

"दुसऱ्या जागी चालते?" त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. इतकी वर्षं ते दर उन्हाळ्यात त्याच वाळूत जाऊन उभे राहत होते, हे मला त्या दिवशी कळलं. पलीकडचा एकदाही आला नव्हता. "तो आला नाई, तर जिंकलेच की तुम्ही," मी म्हणालो. भाऊंचा चेहरा पडला. "त्याले कोणी सांगतलं असन काय, मी येतो म्हणून? असं जिंकणं काय कामाचं?"

मग आम्ही शोध घेतला. माझ्याकडे तिकडचे ट्रॅक्टरवाले येतात, त्यातल्या एकाला तो गडी ठाऊक निघाला. म्हातारा झालाय, डावी बाजू लुळी पडली, खाटेवरून उठत नाही, जेवायलाही नाही म्हणतो. भाऊ म्हणाले, "चाल."

गोंडपिपरीपर्यंत बसमध्ये उभे, पुढे जीपच्या मागच्या पायरीवर लटकून. माझा जीव वर-खाली होत होता आणि ते मात्र तरण्या पोरासारखे वारा खात होते.

अंगणात खाट होती. त्यावर तो आडवा. त्याच्या बायकोने खुर्ची पुढे केली, भाऊ बसले नाहीत. भाऊंनी चप्पल काढली. मला वाटलं, अंगणाच्या मधोमध रेघ ओढतील, आणि हा बिचारा उठणार कसा? पण भाऊ खाटेपाशी गेले, त्याचा खाली लोंबणारा पाय जिथे टेकला होता तिथेच अंगठ्याने रेघ ओढली आणि तिच्यापलीकडे उभे राहिले.

"रेघेवर हाय तू," भाऊ म्हणाले.

म्हातारा रेघेकडे बघत राहिला. मग तोंडाची एक बाजू हलली. "अन्ना... मेंढा मी खाल्ला."

"समजलं होतं मले. कसा होता?"

"कडक."

बायको हसू लागली, मीही. म्हाताऱ्याने उजव्या हाताची मूठ वळली. भाऊ पुढे वाकले. मूठ त्यांच्या छातीला लागली, एखाद्या दारावर टकटक करावं एवढीच. आणि भाऊ मागे सरून त्या अंगणात, मातीत, चक्क बसले. पाय पसरून बसले. मला रडू आलं, आणि ते कोणी पाहिलं तर पाहो असंच वाटलं.

"राऊंड संपला," भाऊ म्हणाले. "आता माझी पाळी. थोडा दम घेतो. तू उठून राह्य. रेघेवर येतोच मी."

येताना बसमध्ये खिडकीशी बसून ते झोपले.

त्यानंतर रोज दुकानात येऊन, फोमच्या गुंडाळ्यांना टेकून बसू लागले. मी त्यांच्यासाठी लाल रेक्झिनची एक गादी शिवली. "दम खाऊन राह्यलो," येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "झाला की जातो." दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी त्यांना चहासाठी हलवलं तर ते गेलेले होते. मुठी सैल, उघड्या. वरची गुंडी मी दुपारीच लावून दिली होती.

निरोप पलीकडे पाठवायचं माझ्याने झालं नाही. आज पाठवू, उद्या पाठवू करत राहिलो.

मागच्या महिन्यात दुकानासमोर एक जीप थांबली. मुलाने हात दिला आणि काठी टेकत तो म्हातारा उतरला. उभा! पाय ओढत होता, पण उभा होता. "पायाला रोज चालवलं," तो मला म्हणाला, "रोज. सांग त्याला, आलो मी."

मी सांगितलं. भाऊ गेले, हे मोठ्याने सांगावं लागलं, रस्त्यावर गाड्या चालू होत्या.  तो काठीने खालची माती दाखवू लागला. मला कळलं. मी चप्पल काढली आणि अंगठ्याने रेघ ओढली. पहिल्यांदाच ओढली, वाकडी आली.

तो रेघेवर येऊन उभा राहिला.  मी आतून लाल गादी आणून स्टुलावर ठेवली.

"बसा."

"तो येईपर्यंत कसा बसू?" तो म्हणाला.

त्याच्या मुलाने जीप बाजूला घेतली. मी मशीन बंद केली.