नवसाच्या पिल्लाचा पाय

देवाची मला चीड यायची, हे आधीच सांगून टाकते. असे अनुभव सांगणारी माणसं बहुतेक पहिल्यापासून भाविक असतात. मी नव्हते. माझी लेक भागी, तिच्या आधी माझी दोन लेकरं गेली होती. दोघांसाठी नवस बोलले, कोंबडे दिले, नारळ फोडले, आणि दोघंही गेली. त्यानंतर गावदेवीच्या जागेवरून जाताना मी हात जोडायचे ते फक्त सासू बघत असेल तेव्हा. आता माझा धाकटा मास्तर झालाय. तो म्हणतो, आये, तुझा अनुभव सांग, मी लिहून घेतो. म्हटलं, लिही बाबा, पण माझ्या तोंडी नसते गोड शब्द घालू नकोस.

जव्हारला राजेसाहेबांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचा पाडा सूर्यमाळच्या डोंगरावर, मोजक्या घरांचा. पावसाळ्यात दाराबाहेर पाय ठेवता येत नाही इतकं पाणी, आणि होळी झाली की प्यायला थेंब नाही. खालच्या घळीत एक झरा होता. तिथे करवंटीनं खरवडून खरवडून हंडा भरायचा. भागी तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. थंडी सरता सरता तिला हिवताप लागला. एक दिवसाआड दुपारी कापरं भरायचं, मग अंगावर हात ठेववत नाही असा ताप, मग घाम फुटून पोर गळून पडायची. पोटात डाव्या बाजूला गाठ धरली. घरधन्यानं आणि त्याच्या भावानं तिला डोलीत घालून जव्हारच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी चांगलं बघितलं, कडू पूड दिली. पूड होती तोवर ताप दबला, पूड संपली आणि ताप परत आला. पुन्हा नेली तेव्हा आणखी पूड दिली आणि म्हणाले, पोरीच्या अंगात रक्त उरलेलं नाही, जपा. जपा म्हणजे नक्की काय करा, ते विचारायचा धीर घरधन्याला झाला नाही.

आमच्यात माणूस फार आजारी झालं की त्याच्या नावानं देवीला पिल्लू सोडतात. अंड्यातून नुकतं निघालेलं, धडधाकट पिल्लू निवडायचं, त्याच्या पायाला दोरा बांधायचा, की ते देवीचं झालं. मग ते विकायचं नाही, कापायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. मोठं झालं की देवीला वाहायचं. तोवर दोरा सोडायचा नाही; दोरा सुटला म्हणजे नवस मोडला. आणि पिल्लू मधेच मेलं तर देवीनं नवस घेतलाच नाही असं धरतात, म्हणजे माणसाचीही आशा सोडायची. आमच्या म्हातारीनं, म्हणजे माझ्या सासूनं, भागीसाठी एका काळ्या पिल्लाच्या पायाला लाल दोरा बांधला. रोज सकाळी ती त्या दोऱ्यावर हळद थापायची. मी म्हटलं, बांधा, बांधायला काय जातंय. म्हातारी म्हणाली, जीभ आवर.

भागीला नवसाचं कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, पिल्लू आपल्यालाच खेळायला दिलंय. ताप नसेल त्या दिवशी ती त्याला ओच्यात घेऊन ओटीवर बसायची, भाताची कणी चावून चावून त्याला भरवायची. ताप असेल त्या दिवशी पिल्लू तिच्या गोधडीत शिरायचं. मला ते बघवत नसे. जीव लावतेय बघ, नि उद्या देवीपुढे याची मान मुरगळणार, असं मनात यायचं आणि मी उगाच भांडी आपटायचे.

मग पिल्लू आजारी पडलं. आधी लंगडायला लागलं, मग चालेना, मग खाईना. पंख खाली सोडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसायचं. बाकी कुठलं पिल्लू असं बसलं असतं तर आम्ही उचलून लांब टाकून आलो असतो, कारण एकीला मर लागली की सगळा खुराडा रिकामा होतो. पण हे कसं टाकणार? टोपलीत कोंडा पसरला, वर जुन्या लुगड्याची चिंधी घातली आणि टोपली चुलीजवळ ठेवली. नाचणीची पातळ पेज बोटाच्या टोकावर घेऊन चोच उघडून थेंब थेंब सोडायचे. अर्धी बाहेर यायची. लसूण ठेचून चाटवला, कडुनिंबाचा पाला उकळून अंग शेकलं. एकीकडे पोरीला पेज पाजायची, एकीकडे पिल्लाला, आणि मांजराला हाकलायचं. पोरगी विचारायची, त्यानं खाल्लं का? नाही म्हटलं की तीही तोंड फिरवायची. म्हणून मी खोटंच सांगायचे, खाल्लं गं, तुझ्यापेक्षा जास्त खाल्लं.

खरं सांगायचं तर मी नवस मानत नव्हते, तरी भीत होते. पहाटे उठले की आधी टोपलीत हात घालून बघायचे, आणि मग पोरीच्या छातीवर हात ठेवायचे. आधी पोरीला बघायला हवं होतं ना? पण तो हात टोपलीकडेच जायचा. इतकी माझी मती गेली होती. देवीला मी मनातल्या मनात शिव्या घालायचे आणि त्याच दमात म्हणायचे, बाई, एवढं पिल्लू जगव.

म्हातारी गप्प बसणारी नव्हती. ती भगताकडे गेली आणि मंत्रून आणलेला दुसरा दोरा तिनं त्याच पायाला बांधला, पहिल्याच्या वर, सुटू नये म्हणून चांगला करकचून. वरून हळदीचा थर. दोऱ्याखालचा पंजा सुजून काळा पडला होता. सगळ्यांना दिसत होता. पण आमच्या डोक्यात एकच, की रोग वर चढतोय आणि दोऱ्यानं तो अडेल. मी पिल्लाचं सगळं अंग पुसायचे, तेवढी दोऱ्याची जागा सोडून. देवीच्या वस्तूला कोण हात लावणार?

ऐन उन्हाची एक म्हातारी बाई दारात आली. अंगावर विटकं लुगडं, हातात काठी, डोळ्यांत फुलं पडलेली. खोडाळ्याकडे जायचं होतं, वाट चुकून वर आले म्हणाली. पाणी मागितलं. मी खरंच सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हंड्यात उरलंय किती आणि ही पिणार किती. माझी सासू झऱ्यावर गेली होती, ती केव्हा येणार कोण जाणे. पण दारातल्या माणसाला पाणी नाही म्हणणं आमच्याकडे होत नाही. तांब्या दिला. ती ओटीवर टेकली, सावकाश प्यायली, आणि भागीचं कण्हणं ऐकून म्हणाली, पोर आजारी का? मी हो म्हटलं. तेवढ्यात टोपलीतलं पिल्लू बारीक आवाज करून रडलं. ती म्हणाली, हे पण? आण इकडं.

कुणी अनोळखी बाईनं मागितलं म्हणून नवसाचं पिल्लू हातात द्यावं, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नसतं. त्या दिवशी का दिलं, मला अजून कळलेलं नाही. दमले होते, एवढंच म्हणेन. तिला दिसत नव्हतं. ती बोटांनी चाचपत गेली, मान, पंख, पोट, मांड्या. पायाशी आली आणि थांबली. हळदीचा थर तिनं नखानं उकरला.

"इथं काय बांधलंय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, देवीचा दोरा आहे, नवसाचा.

"पाय वाढला, दोरा वाढला नाय. मांसात गेलाय." मग म्हणाली, "देवीला दिलंस म्हणतेस बाय, मग बांधून कशाला ठेवलंस?"

ती म्हणाली, काट्यानं दोरा उचल आणि काप, माझे डोळे नाहीत, तूच कर. मी जागची हलले नाही. दोरा तोडायचा म्हणजे पोरीला हातानं लोटायची, असं लहानपणापासून ऐकलेलं. हात कसा उचलणार? आणि आतून, गोधडीतून, भागी म्हणाली, "आये, काढ गं. त्याला दुखतंय."

मी विळा आणला, बोराटीचा काटा आणला. दोरा खरंच दिसत नव्हता, इतका आत रुतला होता. काट्यानं उचलून एकेक पदर कापला. आधी वरचा, मग खालचा. पिल्लू ओरडलं, मग गप्प झालं. मला वाटलं मेलंच. त्या बाईनं पिल्लू पदरात धरलं, जखमेवर कोमट पाणी सोडायला सांगितलं आणि ते हललं तसं माझ्या हातात दिलं. मग काठी टेकत उठली. भाकरी खाऊन जा म्हटलं तर म्हणाली, ऊन कलायच्या आत पोचायला हवं. मी तिला बांधापर्यंत वाट दाखवायला गेले. त्यानंतर ती कधी दिसली नाही. पुढे मी खोडाळ्याच्या बाजारात चौकशी केली, अशी बाई कुणाच्या माहितीत नव्हती. पाड्यात कुणी म्हणे देवीच आली होती, कुणी म्हणे चेटकीण. मला विचाराल तर तहानलेली म्हातारी होती. तिला कुणी पाठवलं असेल तर ते त्या पाठवणाऱ्याला ठाऊक.

सासू हंडा घेऊन आली, तिनं दोऱ्याचे तुकडे बघितले. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं हंडा उतरवला आणि तिथेच भुईवर बसली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही.

पिल्लू जगलं. पंजा सुकून गळाला, उरल्या खुंटावर ते टुकटुक करत चालायला लागलं. आणि भागीही, काय सांगू, उठून बसली. ताप आठवडाभर आलाच नाही. ती अंगणात यायची, पिल्लाच्या मागे लंगडत चालून दाखवायची आणि आपणच हसायची. मी तिला हसताना कितीतरी महिन्यांनी बघत होते. पण भगतानं निरोप धाडला, की पांगळं पिल्लू देवीला चालत नाही. नवीन सोडा, आणि पोरीच्या आईनं अनवाणी डोंगर उतरून देवीच्या खालच्या मोठ्या ठाण्यावर जाऊन माफी मागावी, दोन मुक्काम करून यावं. घरधनी म्हणाला, जाऊन ये. मी नाही म्हटलं. माझं पहिलं पोर गेलं तेव्हा मी अशीच कुठल्याशा ठाण्यावर बसले होते, घरी आले तर त्याला पुरूनही झालं होतं. मी गावदेवीपुढे गेले, ते सुद्धा इथल्या इथे, हातात काही न घेता. म्हटलं, पोर तुझी आहे, मला आता धरून ठेवता येत नाही. मी तिच्यापाशी बसते, बाकी तू बघ. इतकं बोलले आणि घरी येऊन भागीची वेणी घातली.

भाताची रोपं, आवण, लावायच्या दिवसांत ताप पुन्हा आला. या वेळी उतरला नाही. माणसं शेतात गेली होती, मी गेले नाही. भर दुपारी, बाहेर झड लागलेली, भागी माझ्या मांडीवर होती. पाणी मागितलं, दोन घोट प्यायली. मग माझ्या पोटाशी तोंड घेऊन निजली आणि निजल्यातच गेली. मी बराच वेळ तशीच बसून राहिले. पाय मुंग्यांनी भरून गेले तरी हलले नाही.

त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. पाड्यातल्या बायका तोंडावर बोलत नसत, पण मी आले की पाणवठ्यावर बोलणं थांबायचं. दोरा हिनं कापला. मलाही दुसरं काय वाटत होतं? भाकरी थापताना माझ्याच हातांकडे बघायचे. रात्रंदिवस एकच, की मीच तोडला, मीच लोटली. देवीकडे जायची लाज वाटायची, आणि गेले नाही तर जीव राहायचा नाही.

भात कापून खळ्यात आलं तेव्हाची गोष्ट. मी भारा घेऊन आले तर सासू ओटीवर बसलेली, आणि ती पांगळी कोंबडी, कोंबडीच निघाली ती, तिच्या मांडीवर. म्हातारी तिचा खुंट चोळत होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं नाही. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा बोलली.

"तू तोडलास म्हणून नाय गेली पोर," ती म्हणाली. "मी बांधला म्हणून गेली. देवीच्या जिवाला मी पांगळं केलं. दुसरा दोरा पण मीच बांधला."

मला धक्काच बसला. मी समजत होते ही माझ्यावर रागावली आहे. ही बाई इतके महिने माझ्याच शेजारी, एकाच चुलीपाशी, माझंच ओझं घेऊन बसली होती, आणि आम्ही एकमेकींना ताटं वाढत होतो. मी भारा तिथेच टाकला आणि तिच्याजवळ बसले.

"आई," मी म्हटलं, "भागी तापानं गेली."

हे मी तिला सांगितलं, आणि बोलता बोलता मलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं. आम्ही दोघी तेव्हा रडलो. त्याआधी नीट रडलोच नव्हतो.

लोक मला विचारतात, मग तुला देवीचा अनुभव आला तो कसला? पोर तर वाचली नाही. खरं आहे, वाचली नाही. पण मला ते हसणारे दिवस मिळाले, आणि ती जाताना मी तिच्यापाशी होते. ती आंधळी बाई त्या उन्हात वर आली नसती तर मी पिल्लावर डोळा ठेवून बसले असते, नाहीतर कुठल्या डोंगरावर अनवाणी चालत असते, आणि पोर एकटी गेली असती. देवीनं काय ठेवायचं आणि काय न्यायचं, हे मला कळत नाही आणि आता मी विचारतही नाही. मला जे मिळालं त्यात मी भरून पावले.

म्हातारी माझ्याशी बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सासू-सुना गावदेवीकडे गेलो. नवं भात होतं, ते मूठभर ठेवलं. मी काही मागितलं नाही. त्या पावसाळ्यापासून म्हातारीला गुडघ्यांनी वाकता येत नव्हतं, मी तिला धरून खाली बसवलं. तिनं दगडावर डोकं टेकलं आणि मोठ्यानं म्हणाली, "पोर आमच्याकडं ठेवली होतीस, बाय. लई गुणाची होती."