पुलावरचा पाववाला

मंजिरीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघण्यापूर्वी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. "संजयभाऊजी, आनंद पडलाय... हे लोक मला नीट काही सांगत नाहीयेत, तुम्ही या ना," एवढंच ती म्हणाली. मी हॉस्पिटलात पोचेपर्यंत सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पंचेचाळिशीही न गाठलेला माणूस, मुलीला स्कूलबसपर्यंत सोडून आला आणि स्वयंपाकघरात कॉफी ओतता ओतता कोसळला. ती ॲन आर्बरमधली फेब्रुवारीची सकाळ होती. आता एप्रिल लागलाय, रस्त्याकडेचे बर्फाचे काळे ढीगही वितळले, आणि मी आत्ता कुठे त्याच्याबद्दल लिहायला बसलोय. सगळे म्हणत होते, त्याच्याबद्दल तू लिही, तू त्याचा सगळ्यात जुना मित्र. पण माझाच हात धजावत नव्हता.

आनंदचे वडील डॉक्टर. त्यांनी काही वर्षं वेल्समधल्या एका गावात नोकरी केली, त्यामुळे आनंदचं लहानपण तिकडे गेलं आणि एके दिवशी तो नागपूरला आमच्या वर्गात येऊन बसला. येताना त्याने दोन गोष्टी आणल्या होत्या. एक लोकरीचा कोट, ज्याचा नागपुरात कुणालाच काही उपयोग नव्हता, आणि दुसरी म्हणजे टीव्हीवरच्या बाहुल्यांच्या गोष्टी. या बाहुल्या दोरीच्या नाहीत, हातमोज्याच्याही नाहीत. बाहुली कणभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा कणभर हलवायची, पुन्हा फोटो. मग ते सगळे फोटो भराभर दाखवले की बाहुली आपली आपण चालू लागते. आमच्यापैकी कुणाच्याच घरी तेव्हा टीव्ही नव्हता, त्यामुळे आम्हाला ही शुद्ध थाप वाटली. मग तो मधल्या सुट्टीत बाकावर खडूचे तुकडे, पेनाची टोपणं मांडायचा आणि एकेक भाग करून दाखवायचा. खोडरबर म्हणजे पाववाला. वादळाच्या दिवशी टेकडीवरच्या म्हातारीला शेवटचा पाव पोचवायला तो निघतो, पुलावर येतो, वारा सुटतो, डोक्यावरची टोपी उडते... आणि तेवढ्यात घंटा व्हायची. दर वेळी खोडरबर पुलावरच. "पोचतो का रे?" मी वर्गात शिरता शिरता विचारायचो. "उद्या," तो म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी न पाहिलेल्या त्या मालिकांची मला आजही जितकी आठवण येते, तितकी पाहिलेल्या सिनेमांची येत नाही.

पुढे नोकऱ्यांच्या निमित्ताने आम्ही दोघंही मिशिगनमध्ये येऊन पडलो, आणि तीन वर्षांपूर्वी त्याने त्या मालिकांची डीव्हीडी इंग्लंडहून मागवली. ती इथल्या प्लेअरवर चालेचना. शेवटी आपल्या इंडियन ग्रोसरीच्या शेजारच्या दुकानातून कुठल्याही देशाची डिस्क चालवणारा प्लेअर आणला आणि आम्ही दोन घोडे चिवड्याची बशी घेऊन लहान मुलांसारखे टीव्हीपुढे बसलो. खरं सांगतो, माझा हिरमोड झाला. सगळं किती सावकाश! पाववाला होता, पण अधूनमधूनच दिसायचा. सगळे भाग संपले तरी ना वादळ आलं ना पूल. "अरे, माझा भाग कुठंय?" मी विचारलं. आनंद डोकं खाजवायला लागला. "तो भाग नव्हताच रे. मीच बनवला होता. तुला दुसरं काही ऐकायचंच नसायचं, मग मी काय करणार?" "म्हणजे तो पोचतो की नाही?" "मलाच माहीत नाही, यार," तो म्हणाला आणि इतका हसला की मंजिरी बाहेर बघायला आली.

त्या हिवाळ्यात त्याने बेसमेंटमध्ये टेबल मांडलं. तारेच्या सांगाड्यावर स्पंज आणि माती चढवून पाववाला केला, मंजिरीने त्याला क्रोशाची टोपी विणून दिली. आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल, पलीकडे टेकडी, वर म्हातारीचं घर. हौसेला मोल नाही म्हणतात, पण तिला वेळ मात्र भरपूर लागतो. दिवसभर खपून पाववाला वीतभरसुद्धा पुढे सरकायचा नाही. त्याची मुलगी सई, आता अकरा वर्षांची, कॅमेऱ्याचं बटण दाबायची. खाली येणाऱ्या प्रत्येकाला एकच नियम होता. शेवटच्या पायरीवर पाऊल पडलं की आनंद आमच्या शाळेतल्या बाईंच्या आवाजात ओरडायचा, "हाताची घडी!" आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्षसुद्धा निमूट घडी घालून उभे राहायचे. त्याच्या जाण्याआधीच्या शनिवारी मी गेलो होतो. पाववाला पुलाच्या मध्यावर, एक पाय उचललेला. "याला आता पुढच्या शनिवारपर्यंत असंच उभं राहायचंय," आनंद म्हणाला. "कुणी नुसतं टेबलाला टेकलं तरी मेला शॉट." मी घडी घालून बघत राहिलो.

आणि मग तो गेला. इथे कुणाच्या घरी असं झालं की आपली माणसं कशी धावून येतात, ते सांगायला नको. डब्यांच्या पाळ्या लागल्या, कुणी एअरपोर्ट घेतला, कुणी फ्युनरल होम. मी सगळ्यांच्या पुढे. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात माझा हात कुणी धरणार नाही. नागपूरहून काका-काकू, म्हणजे आनंदचे आईवडील, येणार होते, मंजिरीचा भाऊ आणि वहिनी येणार होते, झोपायचं कुठे? "बेसमेंट मोकळं करतो," मी म्हणालो. एका दुपारीत केलं. टेबल भिंतीला लावलं, पूल खोक्यात आडवा ठेवला, बाहुल्या पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळल्या. पाववाल्याचा उचललेला पाय मी सरळ केला, नाहीतर तो खोक्यात मावत नव्हता. गडबडीत विसरलो असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मी विसरलो नव्हतो. पाय सरळ करताना आनंदचं वाक्य मला लख्ख आठवलं, आणि मनात आलं... आता कोण करणार आहे हे? त्याला जाऊन दोन दिवसही झाले नव्हते, आणि मी, त्याचा सगळ्यात जुना मित्र, त्याचं काम संपवून मोकळा झालो होतो.

मंजिरीच्या भावाला व्हिसा मिळाला नाही. काकांच्या गुडघ्यांना बेसमेंटचा जिना झेपेना, ते दोघं वर दिवाणखान्यातच झोपले. मी फुगवून ठेवलेल्या गाद्यांवर कुणी पाठसुद्धा टेकली नाही. तरी परत जाताना काकांनी माझा हात धरला. "संजय, तू होतास म्हणून झालं रे बाप्पा सगळं." मी मान खाली घातली, तर त्यांना तो विनय वाटला.

मार्चमध्ये सई म्हणाली, "काका, आय वॉन्ट टू फिनिश इट. बाबानी मला सगळं शिकवलंय." ती जिना उतरली, मी तिच्या मागे. भिंतीला लावलेल्या रिकाम्या टेबलाकडे ती बघत राहिली. "बट ही वॉज ऑन द ब्रिज," ती म्हणाली. मी खोकं उघडलं. "ठेवू आपण परत, बेटा, अगदी तसाच." लॅपटॉपवर आनंदने काढलेला शेवटचा फोटो उघडून आम्ही कितीतरी वेळ जुळवत बसलो. पाय जुळला तर टोपी जुळेना, टोपी जुळली तर सावली भलतीकडे. शेवटी एक फोटो काढून तिने चालवून पाहिलं. पाववाला डुलत डुलत पुलावर येतो, पाय उचलतो... आणि कुणीतरी मागून ढकलल्यासारखा एकदम बाजूला उडतो. ती उडी आनंदची नाही, माझी आहे. "सई, चूक झाली गं माझी," मी म्हणालो. "इट्स ओके," ती म्हणाली, इथली मुलं मुळीच ओके नसताना म्हणतात तसं. वर आल्यावर मंजिरीने चहा पुढे केला. "भाऊजी, किती केलंत तुम्ही आमच्यासाठी."

सईने ती उडी काढून टाकलेली नाही. काढायची का, असं मी एकदा विचारलं, तर तिने नुसती नकारार्थी मान हलवली. आता दर शनिवारी मी जातो, कारण अंधाऱ्या बेसमेंटमध्ये तिला एकटीला बसवत नाही. ती खुर्चीवर गुडघे टेकून पाववाल्याचा पाय कणभर हलवते, बटण दाबते, पुन्हा हलवते. परवा मी विचारलं, "पोचतो का गं तो? बाबा काही बोलला होता?" "ही सेड वी विल सी," ती म्हणाली. तेवढ्यात मला पुलाची एक काडी जराशी वर आल्यासारखी दिसली आणि माझा हात आपसूक पुढे गेला. सईने मान वर केली नाही. एरवी माझ्याशी बहुतेक इंग्रजीतच बोलणारी ती मुलगी हळू, स्वच्छ मराठीत म्हणाली, "काका, हाताची घडी."

मी घातली.