गुळाचा खडा

मला गुळाची किळस येते. बडोद्यात राहून असं म्हणणं कठीणच, कारण इथे डाळीतही गूळ, शाकातही गूळ, आणि आमच्या आमटीत तर असतोच असतो. मी मात्र गुळाचा डबा फक्त एका माणसासाठी ठेवते.

माझा नवरा मकरपुऱ्यातल्या एका शेडमध्ये कामाला होता. लोखंडी टाक्यांवर हवेच्या जोराने वाळू मारायची आणि गंज काढायचा, हे त्याचं काम. आत इतकी धूळ उडायची की हातभर अंतरावरचा माणूस दिसत नसे. हे तोच सांगायचा, तेही कौतुकाने. धूळ बाहेर ओढणारा पंखा होता, पण शेजारच्या शेडवाल्याने आपल्या मालावर धूळ बसते म्हणून कटकट केली, तेव्हापासून तो बंद. माल खराब व्हायला नको ना! माणसांच्या तोंडाला रुमाल, आणि पाळी संपली की प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा. गूळ खाल्ला की छाती साफ होते, असं शेठपासून वॉचमनपर्यंत सगळेच मानत.

नवरा त्यातला अर्धा खिशात घालून माझ्यासाठी आणायचा. पहिल्यांदा मी तो आमटीत टाकला आणि घास दाताखाली कचकचला. वाळू होती त्यात. मी धावत जाऊन मोरीत थुंकले. हा शांतपणे जेवत राहिला. त्याला ती कचकच कळतच नव्हती.

मग खोकला लागला. गल्लीतल्या डॉक्टरने टीबीची औषधं दिली. ती संपली, खोकला काही संपला नाही. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि पहिलं विचारलं, काम काय करता? मी गुळाचंही सांगितलं. "गूळ पोटात जातो," ते म्हणाले, "धूळ फुप्फुसात." त्या धुळीतून याला बाहेर काढा, नाहीतर श्वास कमी कमी होत जाईल, असंही सांगितलं.

मी शेठकडे गेले. नवऱ्याला पॅकिंगला घ्या आणि तो पंखा सुरू करा, एवढंच मागायचं होतं. केबिन थंडगार, काचा बंद, कोपऱ्यात हवा शुद्ध करणारं यंत्र गुरगुरत होतं. शेठ अगदी अदबीने वागले. बसवलं, पाणी दिलं. पॅकिंगला जागा नाही म्हणाले, पंख्याचं बघू म्हणाले.

"गोळ तो आपीए ज छीए ने, बेन? कालथी डबल आपीशुं."

गूळ तर देतोच आहोत, उद्यापासून दुप्पट देऊ म्हणे! माझं डोकंच फिरलं. तुम्ही स्वतः किती खाता, असं मी तोंडावर विचारलं.

"मने तो डायाबिटीस छे," ते म्हणाले, आणि चेहरा अगदी बिचारा केला.

मला शिसारी आली. त्या चेहऱ्याची, त्या यंत्राची, आणि त्यांचं पाणी मी पिऊन बसले होते, त्याचीही.

काम सोडायला लावलं मी त्याला. छातीत बसलेलं मात्र निघत नाही. आता अंघोळ केली तरी त्याला धाप लागते. डॉक्टरांचं बोलणं त्याने स्वतः ऐकलंय, मीही सांगून थकले. तरी जेवण झालं की तो हात पुढे करतो.

"दे गं. जरा मोकळं वाटतं."

डबा उघडला की वासानेच मला मळमळतं. मी खडा फोडते आणि त्याच्या हातावर ठेवते.