मी हसले होते

चौघांनी मला चाकांच्या खुर्चीसकट उचललं. दोन शिपाई, एक ड्रायव्हर, एक वॉचमन. जिन्याच्या पहिल्या वळणावर खुर्ची कलली आणि साडी गुडघ्याच्या वर गेली. पोलिओनं वाळलेला माझा पाय सगळ्यांसमोर उघडा. खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. साडी ओढायला हात सोडला असता तर पडलेच असते. वर उभे असलेले एक अधिकारी मोबाइलवर शूटिंग करत होते.

"ताई, घाबरू नका," ड्रायव्हर म्हणाला, "आमच्या मंडळाचा गणपती याच्यापेक्षा जड असतो."

सगळे हसले. मीही हसले.

पाय दिसला त्याची लाज चार दिवसांत गेली. हसले त्याची जात नाही.

मी तिथं प्रशिक्षण द्यायला गेले होते. समोर रस्ते, इमारती, बागा यांचे नियम ठरवणारे तीसेक अधिकारी. विषय अपंगत्व. त्यांना मी सांगणार होते की अडचण माझ्या पायात नाही, तुम्ही बांधलेल्या जिन्यात आहे. आणि हॉल दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आधी फोनवर विचारलं तेव्हा म्हणाले, "माणसं आहेत ना उचलायला." मी बरं म्हटलं. आचोळ्याहून रिक्षानं आले. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिथल्या संडासात माझी खुर्ची जाणार नाही, हे कोणाला विचारायची गरज नव्हती.

वर पोचल्यावर चौघांना थँक्यू म्हटलं. मग तासभर बोलले. रॅम्पचा उतार किती हवा, दार किती रुंद हवं. ज्या जिन्यानं आले त्याचं नावसुद्धा काढलं नाही. मोठ्या साहेबांनी शाल घातली. "ताईंच्या जिद्दीला सलाम. एवढा त्रास, पण चेहऱ्यावरचं हसू बघा!" टाळ्या.

ते हसू आईनं शिकवलेलं. आमच्या गास गावात शाळा घरापासून लांब. मी रोज कोणाच्या ना कोणाच्या पाठीवर जायची. आई बजावायची, "बाय, उचलनाऱ्याशी हसून बोल. नायतर उद्या कोन उचलनार?" तिचं तेव्हा काय चुकलं? शाळा तर झाली. पण आता माझी पंचेचाळिशी उलटली, मी शिकवायला आले होते, आणि तरी तशीच हसत होते.

चहाच्या सुट्टीत एक गृहस्थ कुबड्या टेकत जवळ आले. त्याच कार्यालयात कारकून. टेबल याच मजल्यावर. दोन वर्षं तळमजल्यावर बदलून मागत होते.

हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही येणार कळलं तेव्हा वाटलं, आज कोणीतरी बोलेल. आत्ता साहेब मला काय म्हणाले, माहितीय? बघा, त्या बाईंची आहे का काही तक्रार?"

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं सांगत होते. मला त्यांच्याकडे बघता येईना. माझं हसू त्यांच्या विरुद्ध वापरलं गेलं होतं.

मी विचारलं, "तुमचं नाव न घेता सांगू?"

"नावानं सांगा," ते म्हणाले.

दुसऱ्या सत्रात स्लाइड लावल्या नाहीत.

"सकाळी मी हसले ते खोटं होतं. मला त्या जिन्यात मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही तीस जण आपल्या पायांनी खाली येऊ शकत होतात. पण तुम्हाला एका बाईला वर उचलणं सोपं वाटलं." मी दाराशी उभ्या कारकुनांकडे हात केला, त्यांचं नाव घेतलं. "आणि हे तुमचे सहकारी दोन वर्षं टेबल खाली मागतायत."

साहेबांचा चेहरा उतरला. "ताई, आमच्या लोकांनी प्रेमानं उचललं हो. आणि टेबलाचा विषय वेगळा आहे."

"हाच विषय आहे, साहेब. सकाळपासून हाच."

निघताना चौघे पुन्हा आले. मी नको म्हटलं. खुर्चीतून खाली उतरले आणि बसूनच जिना उतरायला लागले. हातांवर भार देऊन, एकेक पायरी. साडी मळली, तळहात सोलले. मागं अधिकारी खोळंबले होते. मला ओलांडून जायची हिंमत कोणाची झाली नाही. लाज तेव्हाही वाटत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं. पण थांबले नाही.

कारकुनांचं टेबल अजून वरच आहे. उलट त्यांना बोलणी बसली, तीही माझ्यामुळे. मध्यंतरी मला पुन्हा बोलावणं आलं. "यावेळी खास तुमच्यासाठी तळमजल्यावर ठेवतो." मी लेखी कळवलं, टेबल खाली येईपर्यंत मी येणार नाही.

कारकुनांच्या अर्जाखाली आता माझीही सही आहे. तो दाबून ठेवला तर आम्ही दोघं कोर्टात जाऊ. तिथंही जिना असेल, तर पहिला अर्ज त्या जिन्याविरुद्ध करू.