प्राचार्यांच्या एसीतली ॲल्युमिनियमची पट्टी

पीएच.डी.साठी मी विषय घेतला ॲल्युमिनियमवर वाढवायच्या सच्छिद्र थराचा. पट्टी ॲसिडमध्ये बुडवायची, वीज सोडायची, की तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांचा कडक थर चढतो. अट एकच, ॲसिड थंड हवं. म्हणून मी यवतमाळ जिल्ह्यातलं, स्वतः शिकवते ते कॉलेज आणि मे महिना निवडला. एवढी दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

वीज थर वाढवते, पण ॲसिड तापलं की ते तोच थर हावरटासारखं खात सुटतं. माझ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं की पांढरी भुकटी निघायची. नागपूरच्या गाईडना फोन केला. "तापमान स्थिर ठेवा," ते म्हणाले. किती सोपं!

नवऱ्याला रसवंतीवरून बर्फ आणायला लावलं. "लोकं बायकोले गजरा आणतात, मी लादी आणून राह्यलो," तो म्हणाला. बर्फ घातला की ॲसिड गार, वितळला की पुन्हा गरम. पट्टी निघाली ती अर्धी कडक, अर्धी खडू.

कॉलेजात एसी एकच, प्राचार्यांच्या केबिनमध्ये. ते उमरखेडला लग्नाला गेले त्या दिवशी मी लिपिकबाईंकडे किल्ली मागितली.

"कायले पाह्यजे?"

"संशोधनाला."

"मंग मी बी येतो. बाहेर लय उकाडा आहे."

त्या खुर्चीत बसल्या, मी टेबलावर ॲसिडचं भांडं बर्फाच्या घमेल्यात ठेवलं, वाफेसाठी खिडकी किलकिली केली. तापमापीचा काटा पहिल्यांदाच जागचा हलेना. व्होल्टेजही सावकाश चढवलं.

नेमकं ते लग्न मुहूर्तावर लागलं. आमच्याकडे असा अनर्थ क्वचितच होतो. प्राचार्य दारात उभे.

"हे काय उकळून राह्यलं माह्या टेबलावर?"

"उकळत नाही सर, थंड होऊन राह्यलं."

लिपिकबाई कधी गेल्या ते कळलंच नाही. मी वीज बंद केली, पट्टी धुतली, भीत भीत बोट फिरवलं. भुकटी नाही! तिथंच जांभळ्या रंगात बुडवली; भोकांनी रंग पिऊन टाकला. मग उकळत्या पाण्यात धरून भोकं बुजवली. रंग पुसला जाईना.

सरांनी नखानं खरवडून पाहिलं. माझी नोकरी त्या नखाखाली होती.

"ह्याच्यावर माह्यं नाव येते का?"

शोधनिबंधावर नाव आलं. बदल्यात दर सोमवारी केबिन माझी. त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये पंख्याखाली घाम पुसत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, कॉलेजात संशोधनाचं वातावरण आहे म्हणून.