मामा, पेरू आणि मिनिटांवर पैसे घेणारे वकील

आमच्या मामांनी वकिलांना त्यांचं गाव विचारलं, त्याचे मला चार हजार रुपये पडले.

पडेगावला आमचा एक प्लॉट आहे. रिटायर झाल्यावर तिथं घर बांधायचं, हे माझं आणि सुनंदाचं जुनं स्वप्न. एका रविवारी बघायला गेलो तर शेजारच्या भास्कररावांनी आमच्या वाटेवरच भिंत घातलेली! प्लॉट आमचा, पण आत जायचं तर भिंत चढून. सुनंदा म्हणाली, "आता या वयात मी भिंती चढू?" वकील करणं भाग होतं.

मी भाजीसुद्धा चार गाड्या फिरून घेणारा माणूस. पहिले वकील प्रत्येक तारखेचे पैसे घेत.

"आणि तारखेला काही झालंच नाही तर?" मी विचारलं.

"काही न होण्यासाठीसुद्धा मला हजर राहावं लागतं," ते शांतपणे म्हणाले.

दुसरे एकरकमी घेणारे. एकदा द्या आणि निवांत झोपा, म्हणाले. रक्कम ऐकून माझी झोपच उडाली. तेवढ्यात भास्कररावांचं घर भिंतीसकट आलं असतं. (टायपिंग आणि झेरॉक्स वेगळं.)

तिसरे क्रांती चौकातले. जेवढा वेळ बसाल, तेवढेच पैसे. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. आमचं प्रकरण दहा मिनिटांचं. भिंत आहे, ती नको आहे, संपलं. एवढा स्वस्त वकील अख्ख्या संभाजीनगरात कुणाला सापडला नसेल, असं मी सुनंदाला दोनदा ऐकवलं.

प्लॉटचा व्यवहार मामांनी जमवून दिलेला, म्हणून त्यांना खुलताबादहून बोलावून घेतलं. येताना त्यांनी दौलताबादला उतरून पिशवीभर पेरू आणले. वकिलांनी मोबाइलवर घड्याळ सुरू करून तो टेबलावर ठेवला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी खुर्ची पुढं ओढली.

"वकीलसाहेब, गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

"फुलंब्री."

"व्हय का! आमची धाकटी बहीण तिथंच दिलीय." मामांनी पेरू कापायला घेतला. "घ्या, लई गोड हाय."

मी टेबलाखालून मामांचा पाय दाबला.

"काय रं सुधाकर, पायाला मुंग्या आल्या का तुझ्या?"

आमच्याकडं माणूस कुणाचा कोण, हे कळल्याशिवाय कामाचं बोलणं म्हणजे उद्धटपणा. वकीलही आपल्याकडचेच निघाले, मामांच्या बहिणीच्या सासरच्या भावकीतले. फुलंब्रीतल्या सगळ्या गल्ल्या झाल्या, यंदाची मका झाली, चहा झाला. मोबाइलवरचे आकडे पळत होते.

"मामा, भिंत," मी कळवळून म्हणालो.

"थांब रं. साहेब, सासरवाडी कुठली?"

"पैठण."

"साडू किती?"

"एकच. इथं पडेगावलाच असतात. भास्करराव."

मामांच्या हातातला पेरू हातातच राहिला.

मी चाचरत भिंतीचं सांगितलं. वकिलांनी हळूच मोबाइल उचलला आणि घड्याळ थांबवलं. "मग ही केस मला घेता येणार नाही," ते म्हणाले. वर आकडा सांगितला.

"अहो, पण केसचं बोलणं झालंच नाही!"

"वेळ तर गेला ना माझा. पाहुणे आहात म्हणून चहाचे धरले नाहीत."

मी पैसे मोजले. मामांनी मात्र उरलेले पेरू उचलले, म्हणाले, "चल, आता पाहुणेच झालो," आणि मला थेट पडेगावला नेलं. भास्कररावांनी त्यांना मिठीच मारली. पाहुण्यांच्या वाटेत भिंत म्हणजे शोभतं का, असं म्हणत त्यांनी त्याच आठवड्यात ती पाडली. फुकट! महिनाभर मी ज्याला त्याला ही गोष्ट सांगत फिरलो.

मग एका रविवारी सुनंदाला घेऊन गेलो. भिंत नव्हती. आमच्या प्लॉटवर भास्कररावांचे दोन टेम्पो उभे होते आणि मधोमध त्यांची वाळू पडली होती.

"पाहुण्यांचीच जागा, म्हटलं विचारायचं काय," ते प्रेमानं म्हणाले.

मी मामांना फोन लावला. मामांनाच धक्का बसला. "पाहुण्यावर केस करतो? अरं, लोक काय म्हणतील?"

तेव्हापासून दर रविवारी मी पडेगावला जातो आणि जरा टेम्पो हलवता का, असं विचारतो. भास्करराव मला बसवतात, पेरू कापतात, चहा पाजतात. चहाचे अजून धरलेले नाहीत.