नसलेल्या दाताची रजा

आमच्या धुळ्याच्या ऑफिसात माझ्या दाताचे इतके किस्से साठलेत की नवीन माणूस रुजू झाला की त्याला आधी तेच ऐकवतात. सांगताना मला कोणी विचारत नाही. सगळ्यांचं हसून झालं की माझ्याकडे बघतात. मग मीही हसतो, डाव्या बाजूने. उजवीकडे अजून ठणकतं.

*

उजवी खालची दाढ. रूट कॅनालच्या चार सिटिंग झाल्या. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "नस पूर्ण मेली. आता दुखणार नाही."

आठवड्याने पुन्हा गेलो, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. दुखतंय म्हणूनच आलोय, हे मी तीनदा म्हटलं. पण त्यांचा माझ्यापेक्षा त्या मेलेल्या नसेवर जास्त विश्वास!

*

ऑफिसात जास्त चालतो तो त्याआधीचा, तिसऱ्या सिटिंगचा किस्सा.

आस्थापना शाखेचे आबा आमचे सीनियर क्लार्क. शिंदखेड्याजवळ त्यांचं शेत आहे, आणि हिवाळ्यात अख्खं ऑफिस तिथे भरीत खायला जातं. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, मोकळं रान. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी सकाळी माझी सिटिंग होती. बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण महिनाभरात पहिल्यांदाच काही दुखत नव्हतं, मग थांबतो कोण? दोन्ही बाजूंनी चावून चावून खाल्लं.

आबांनी माझ्या ताटात वाकून बघितलं. "भरीतमा हिरवी मिरची शे. मंग भाकरले लाल काय लागनं?"

मी माझाच गाल खात होतो. त्याचा व्हिडिओ अजून ऑफिसच्या ग्रुपवर फिरतो.

*

शेवटी दाढ काढली. डॉक्टरांनी ती कापसात गुंडाळून हातात दिली. दाढ खिशात आली, दुखणं तोंडातच राहिलं.

पिंप्राळ्याला बहीण असते. तिने जळगावच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला आणि छान भरून आलंय म्हणाले. मग दुखतंय ते काय, असं मी विचारलं, तर म्हणे, "तुम्हाला दुखण्याची सवय लागलीय. विचार करू नका."

रिक्षात बहीण म्हणाली, काही निघालं नाही हे बरंच झालं. मी तिच्यावर खेकसलो. हा किस्सा ऑफिसात कोणाला माहीत नाही.

*

एकदा फार झालं म्हणून तीन दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला. तो आबांच्या टेबलावर गेला. आबांनी शेरा मारला: "अर्जदाराचा दात यापूर्वीच काढण्यात आलेला आहे. सबब, दातदुखी हे कारण ग्राह्य धरता येत नाही."

साहेबांनी त्याखाली सही केली. आबांनी तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. लोक टेबलं बडवून हसले.

रजेचं एवढं काही नव्हतं. कोणीतरी एकाने खरं मानायला हवं होतं.

*

या उन्हाळ्यात आबांची दाढ काढली. ते रजेवर गेले आणि त्यांच्या टेबलाचा चार्ज माझ्याकडे आला.

चौथ्या दिवशी आबा गालाला हात लावून स्वतःच आले. रजा चार दिवस वाढवून हवी होती. दाढ गेली, दुखणं गेलं नाही, असं अर्जात लिहिलं होतं.

मी कपाटातून माझी जुनी फाईल काढली. शेरा अक्षर न अक्षर उतरवला, तारीख तेवढी बदलली. उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला आणि शिपायाच्या हाती अर्ज आत साहेबांकडे पाठवला. टेबलं पुन्हा बडवली गेली.

आबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. गालावरचा हात तसाच.

"तुनं आजूनबी दुखस का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

दीड वर्षात मला हे कोणी विचारलं नव्हतं.

"दुखस," मी म्हटलं.

शिपाई बाहेर आला आणि साहेबांच्या सहीचा अर्ज आमच्या दोघांच्या मध्ये ठेवून गेला.